टार्गेट नसतानाही सीएचएचा ब्लँक चढतोय: हेअरपिन, बफर की रिपोर्टर?

अर्धा_मोल

मायक्रोआरएनए-२१ (पेशींतला एक छोटा आरएनए) पकडायला एन्झाइमशिवायची कॅटॅलिटिक हेअरपिन असेंब्ली, म्हणजे सीएचए, बसवायचं काम चालू आहे. त्यात टार्गेट एच१ हा हेअरपिन (स्वतःवरच दुमडलेला डीएनए धागा) उघडतं, उघडलेल्या एच१ ला एच२ हा दुसरा हेअरपिन जुळतो, टार्गेट सुटतं आणि तयार झालेली जोडी रिपोर्टर उघडून चमक देते. सध्या टार्गेट म्हणून त्याच क्रमाचा २२ अक्षरांचा डीएनए वापरतोय, आरएनए नंतर.

मांडणी अशी: एच१ मध्ये टोहोल्ड (टार्गेट आधी चिकटतं तो मोकळा भाग) ८ अक्षरांचा, टार्गेटने उघडायचा स्टेम (दुमडून जुळलेला भाग) १४. एच१ आणि एच२ प्रत्येकी २०० नॅनोमोलर. रिपोर्टर २५० नॅनोमोलर, एका धाग्यावर फॅम हा चमकणारा रंग, दुसऱ्यावर ती चमक विझवणारा ब्लॅक होल क्वेंचर-१. बफर ट्रिस २० मिलिमोलर, पीएच ७.५, सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५, मॅग्नेशियम क्लोराइड १० मिलिमोलर. ३७ अंश, काळी ९६ वेलची प्लेट, वेलमध्ये १०० मायक्रोलिटर. ऑलिगो (छोटे डीएनए धागे) फक्त डिसॉल्ट केलेले, म्हणजे क्षार काढलेले आहेत, शुद्ध केलेले नाहीत. अ‍ॅनीलिंग (तापवून थंड करत धागे दुमडवणं) १० मायक्रोमोलरला, ९५ अंशांवर ५ मिनिटं आणि मग दीड तासात हळूहळू २५ पर्यंत. दोन्ही हेअरपिन वेगवेगळ्या ट्यूबमध्ये.

फ्लुरोसन्सचं नॅनोमोलरमध्ये रूपांतर केलंय. रिपोर्टर उघडणारा एकेरी धागा ०, ५, १०, २०, ५०, १०० नॅनोमोलर टाकून सरळ रेषा काढली आहे. ब्लँकमध्ये (टार्गेट नसलेल्या वेलमध्ये) पहिल्या १० मिनिटांत ९ नॅनोमोलरची उडी दिसते, त्यानंतर तासाला साधारण ६ ने सरळ चढ. दोन तासांनी ब्लँक २१, १ नॅनोमोलर टार्गेटला ७०, १०० पिकोमोलरला २६. १० पिकोमोलर आणि ब्लँक यांत फरकच करता येत नाही.

न्यूपॅकमध्ये (धागे कसे दुमडतील ते सांगणारं सॉफ्टवेअर) दोन्ही हेअरपिन स्वच्छ दिसतात. मग लीक, म्हणजे टार्गेटशिवायचा सिग्नल, येतोय कुठून? मॅग्नेशियम काढून टाकू का?

जेल_भोगलेला

बफरला हात लावू नका अजून. तुमच्या आलेखातच निम्मं उत्तर आहे, कारण त्यात एक नाही, दोन वेगळे लीक आहेत.

सुरुवातीची ९ ची उडी म्हणजे मुळातच बिघडलेल्या हेअरपिनचा हिशेब. २०० पैकी ९, म्हणजे साडेचार टक्के रेणूंचा टोहोल्ड किंवा लूप आधीपासूनच उघडा आहे. ते टार्गेटची वाट बघत नाहीत. मिसळल्याबरोबर दुसऱ्या हेअरपिनशी जुळतात आणि संपतात, म्हणून उडी थांबते. त्यानंतरचा सरळ चढ हा चांगल्या हेअरपिनचा लीक: स्टेमचं टोक क्षणभर उसवतं आणि एच२ त्यात घुसतो.

दुसऱ्याचा हिशेब मांडू. तासाला ६ नॅनोमोलर म्हणजे सेकंदाला १.६७ पिकोमोलर. त्याला २०० × २०० नॅनोमोलरने भागा, लीकचा स्थिरांक साधारण ४२ प्रति मोलर प्रति सेकंद येतो. ८ अक्षरांच्या टोहोल्डवरून होणारं विस्थापन दहा लाखांच्या घरात असतं, त्यामानाने हा आकडा काही वाईट नाही. तुमची खरी डोकेदुखी उडी आहे.

आता दोन्ही हेअरपिन ५० नॅनोमोलरवर आणले तर काय होईल बघा. सरळ चढ दोन सांद्रतांच्या गुणाकारावर चालतो, म्हणून तो १६ पट उतरेल: तासाला ०.३८. उडी मात्र बिघडलेल्या रेणूंच्या संख्येवर चालते, ती फक्त ४ पट उतरून २.२५ वर थांबेल. टार्गेटचा वेगही जास्तीत जास्त ४ पटच घटेल. आत्ता एक टार्गेट तासाला साधारण २५ फेऱ्या मारतंय, तेव्हा ६ धरा. मग १०० पिकोमोलरला दोन तासांत १.२ नॅनोमोलर सिग्नल, आणि ब्लँक ३. आत्ताच्या २१ वर ५ पेक्षा बरं, पण अजून उडीच डोक्यावर बसलेली. हेअरपिन शुद्ध करून उडी अर्ध्या टक्क्यावर आणली, तर तोच ब्लँक १ वर येतो.

सांद्रता वाढवली की सिग्नल वाढतो हे खरं, पण ब्लँक त्याच्याही पुढे धावतो. ही चूक इतकी सर्रास दिसते की २०० चा आकडा वाचल्यावर पुढचं सगळं वाचायची गरजच नव्हती.

बफरबाई

वरच्या मताशी सहमत. पण त्याआधी एक प्लेट लावा, नाहीतर रिपोर्टरचं पाप हेअरपिनच्या माथी जायचं. पाच वेल, प्रत्येकी तीन प्रती:

१. फक्त रिपोर्टर
२. रिपोर्टर + एच१
३. रिपोर्टर + एच२
४. रिपोर्टर + एच१ + एच२
५. चौथ्यासारखंच, वर टार्गेट

दुसरा वेल चढला तर एच१ मधला रिपोर्टरला उघडणारा भाग नीट झाकलेला नाही. तो शुद्धीकरणाने थोडा कमी होईल, पण मुळात डिझाइनची चूक असू शकते. पहिलाच वेल चढत असेल तर फॅम आणि क्वेंचर यांचं प्रमाण तपासा. क्वेंचरचा धागा फॅमच्या १.२ ते १.५ पट ठेवा. १:१ ठेवलं तर मोजमापातली ५ टक्क्यांची चूकसुद्धा कायम उघडा फॅम म्हणून दिसते. दुपटीवर नेलं तर उरलेले क्वेंचर धागे तुमच्या उत्पादनालाच चिकटतात आणि सिग्नल खातात.

टार्गेट सगळ्यात शेवटी टाका. एच१ आणि एच२ एकाच मास्टर मिक्समध्ये घालून प्लेट भरत बसलात, तर शेवटच्या वेलपर्यंत पोचेस्तोवर पहिल्यात दहा मिनिटांचा लीक झालेला असतो. एच१ आणि रिपोर्टर वेलमध्ये, प्लेट ३७ वर १० मिनिटं तापू द्या, बेसलाइन वाचा. मग टार्गेट आणि एच२ वेगळ्या पट्टीच्या ट्यूबमधून मल्टिचॅनेल पिपेटने एकदम. वर चिकट फिल्म लावायलाच हवी. ३७ अंशांवर दोन तासांत काठाचे वेल सुकतात, आणि सुकलेला वेल हुबेहूब लीकसारखा वर चढतो.

पीएच ७.५ आहे ते ठीक. हे मुद्दाम सांगतेय, कारण हायब्रिडायझेशन चेन रिअ‍ॅक्शनच्या (हेअरपिनची साखळी करणारी पद्धत) २००४ च्या मूळ कामातलं ६.८ पीएचचं फॉस्फेट बफर उचलून त्यात फॅम घालणारे लोक आहेत. फॅमचा पीकेए ६.४ च्या आसपास आहे, तिथे पीएच जरासा हलला तरी चमक बदलते.

जेल_भोगलेला

शुद्धीकरणाचं राहिलं. डिसॉल्ट ऑलिगोत नेमकं काय असतं ते आधी. संश्लेषणात दर जोडणीला ९९.५ टक्के यश धरलं, तर ४८ अक्षरांच्या धाग्यात पूर्ण लांबीचे ७९ टक्केच निघतात. ९९ टक्के धरलं तर ६२. उरलेले बहुतेक फाइव्ह प्राइम बाजूने तुटके, कारण संश्लेषण थ्री प्राइमकडून सुरू होतं (ही धाग्याची दोन टोकं). म्हणजे हेअरपिनच्या फाइव्ह प्राइम बाजूला स्टेमचं टोक असेल तर तेच टोक आखूड, आणि समोरची दोन-तीन अक्षरं उघडी. घुसखोराला आयतं दार. पुढच्या वेळी डिझाइन करताना शक्य असेल तर फाइव्ह प्राइम बाजूला असा भाग ठेवा, की जो एखादं अक्षर कमी पडला तरी लीक होणार नाही.

जेल असं करा. १२ टक्के अ‍ॅक्रिलामाइड, ७ मोलर युरिया, १× टीबीई, दीड मिलिमीटर जाडीचं. नमुना ९० टक्के फॉर्मामाइडमध्ये ९५ अंशांवर ३ मिनिटं आणि लगेच लोड. जेल गरम चालवा, काच ५० अंशांच्या आसपास हवी. हे हेअरपिन आहेत, थंड जेलमध्ये युरिया असूनही जीसी भरपूर असलेला स्टेम मिटलेलाच राहतो. मग पट्टा भलत्या जागी धावतो आणि तुम्ही भलताच पट्टा कापता. रंगाची खूण नमुन्यात न घालता शेजारच्या रिकाम्या लेनमध्ये घाला.

पट्टा बघायला फ्लुरोसंट टीएलसी प्लेटवर जेल ठेवून २५४ नॅनोमीटरचा दिवा. पाच सेकंद, पेनने खूण, दिवा बंद. दिव्याखाली बसून कापलंत तर थायमिन डायमर (अतिनील प्रकाशाने डीएनएत होणारी खराबी) स्वतःच्या हाताने तयार कराल. ४८ ला एका अक्षराने आखूड असलेला धागा पूर्ण वेगळा होत नाही, म्हणून पट्ट्याचा वरचा अर्धाच घ्या. उतारा निम्मा पडतो, पडू द्या. तुकडे कुस्करून ०.३ मोलर सोडियम क्लोराइड असलेल्या टीईमध्ये रात्रभर, मग अडीच पट इथेनॉल.

सांद्रता मोजताना २६० नॅनोमीटरचं वाचन ८५–९० अंशांवर घ्या. मिटलेला हेअरपिन एकेरी धाग्यापेक्षा कमी शोषतो. खोलीच्या तापमानाला मोजून एकेरी धाग्याचा गुणांक लावलात तर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि प्रत्यक्षात जास्त हेअरपिन टाकला जातो.

आणि अ‍ॅनीलिंग. १० मायक्रोमोलर आणि दीड तास सावकाश, हे दुपदरी धाग्यांसाठी बरोबर आहे, हेअरपिनसाठी उलटं. हेअरपिन स्वतःशीच मिटतो, त्याला सांद्रतेचं देणंघेणं नाही. डायमरला (दोन हेअरपिन एकमेकांना जुळून झालेल्या जोडीला) मात्र दुसरा रेणू भेटावा लागतो, म्हणजे सांद्रता आणि वेळ दोन्ही तुम्ही त्यालाच देताय. डायमरमध्ये दोन्ही लूप समोरासमोर येऊन मोकळा बुडबुडा राहतो, झाकायचं तेच उघडं. १ मायक्रोमोलरला आणा, ९५ वर २ मिनिटं, तिथून थेट बर्फात किंवा थंड धातूच्या ब्लॉकवर, आणि मग अर्धा तास खोलीच्या तापमानाला. प्रोटोकॉलमधलं खोलीचं तापमान म्हणजे २५, एसी बंद असलेलं मे महिन्यातलं नागपूर नव्हे.

तपासायला १२ टक्के नेटिव्ह (युरियाशिवायचं) जेल, थंड खोलीत, चालवण्याच्या बफरमध्येही मॅग्नेशियम. एकच धारदार पट्टा हवा. वर फिकट दुसरा दिसला तर तो डायमर.

नॅनोमोलर_नाना

एवढा खटाटोप करण्यापेक्षा हायब्रिडायझेशन चेन रिअ‍ॅक्शनच का नाही? एका टार्गेटवर शेकडो हेअरपिन चढतात, लांब साखळी तयार होते, जेलवरही दिसते. वाचनासाठी जी-क्वाड्रुप्लेक्स (जी-भरल्या डीएनएची चौपदरी घडी) आणि तिला चिकटून रंगाची अभिक्रिया घडवणारं हेमिन लावलं तर हिरवा रंग डोळ्यांनी दिसेल, प्लेट रीडरही नको.

बफरबाई

नाना, दोन्ही गोष्टी होतात, पण या प्रश्नावर औषध म्हणून नाही.

चेन रिअ‍ॅक्शनमध्ये टार्गेट साखळीच्या मुळाशी अडकून बसतं. एक टार्गेट, एक साखळी. सीएचएमध्ये एच२ येऊन टार्गेटला बाहेर ढकलतो आणि ते पुढच्या एच१ कडे जातं. काचेवर, मण्यावर किंवा पेशीत जागेवरच सिग्नल हवा असेल तर चेन रिअ‍ॅक्शनला तोड नाही, कारण साखळी तिथेच बांधलेली राहते. द्रावणात पिकोमोलर मोजायचं तर फेरी मारणारं टार्गेट कामाचं. आणि हेअरपिन दोन्हीकडे तेच, डिसॉल्टच. इथे लीक करणारा जोडा तिथे लीक करणार नाही असं थोडंच आहे? तिथे तर एक बिघडलेला रेणू अख्खी साखळी सुरू करून देतो.

चेन रिअ‍ॅक्शनच्या जेलबद्दल एक, कारण पहिल्यांदा बघणारा इथे हमखास गोंधळतो: टार्गेट वाढवलं की पट्टे खाली सरकतात. हेअरपिन तेवढेच, वाटेकरी जास्त, म्हणून साखळ्या आखूड. सगळ्यात लांब, लेनच्या तोंडाशी अडकलेल्या साखळ्या सगळ्यात कमी टार्गेटच्या लेनमध्ये असतात. तिथे किती हेअरपिन उरला तो पट्टा मोजा, साखळीची लांबी नाही.

हेमिनचा हिरवा रंग दिसतो खरा, पण क्वाड्रुप्लेक्स नसतानाही मोकळा हेमिन पेरॉक्साइडबरोबर एबीटीएसला (हिरवा होणारा पदार्थ) हळूहळू रंगवतोच. म्हणजे लीकवर आणखी एक ब्लँक. हेमिन डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्येच विरघळवा, पाण्यातला स्टॉक गोळे धरतो, आणि ४२० नॅनोमीटरला पहिल्या ४–५ मिनिटांचा उतार घ्या, शेवटचा रंग नको. होय-नाही एवढंच उत्तर हवं असेल तिथे ठीक. १० पिकोमोलरसाठी मी यात पडणार नाही.

अर्धा_मोल

पाच वेलची प्लेट लावली. १ ते ३ सपाट, फक्त चौथा चढतो. म्हणजे रिपोर्टर निर्दोष. जुन्या अ‍ॅनीलिंगच्या नेटिव्ह जेलवर एच१ चे दोन पट्टे दिसले, एच२ चा एकच.

जेलने शुद्ध करून, १ मायक्रोमोलरला झटकन थंड करून, दोन्ही ५० नॅनोमोलरवर, रिपोर्टर ७५. उडी ०.४, त्यानंतर तासाला ०.३. दोन तासांनी ब्लँक १.०, सहा वेलचं प्रमाण विचलन ०.०६. १०० पिकोमोलरचा सिग्नल ब्लँक वजा करून १.५.

म्हणजे तीन सिग्माने १२ पिकोमोलर धरू का? आणि आता टोहोल्ड ८ वरून ११ केला तर फेऱ्या वाढतील ना? पुढचा टप्पा १० टक्के सीरम.

जेल_भोगलेला

१२ पिकोमोलर हिशेबाने बरोबर: ०.१८ भागिले १.५, गुणिले १००. पण हा एका दिवसाचा, एका अ‍ॅनीलिंगचा ब्लँक. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या अ‍ॅनीलिंगचे ब्लँक एकत्र करा. विचलन वाढेल, आणि लिहायचा आकडा तो. फेम्टोमोलरचे दावे वाचताना मी तरी आधी हेच बघतो, ब्लँक किती आणि कुठल्या द्रावणातला.

टोहोल्ड ११ नको. टोहोल्ड वाढवला की जोडणीचा वेग ६–७ अक्षरांच्या पुढे फारसा वाढतच नाही, तिथे तो जवळपास कमाल गाठतो. सुटण्याचा वेग मात्र दर अक्षरामागे कित्येक पटींनी पडतो. एच२ ने १४ अक्षरं सोडवली तरी टार्गेट उरलेल्या टोहोल्डवर लोंबकळत राहतं, ते आपोआप सुटायला हवं. ११ वर ते बसूनच राहील, आणि फेरी मारणारं टार्गेट एकदाच वापरायचं होऊन बसेल. मायक्रोआरएनए-२१ च्या थ्री प्राइम टोकाच्या ८ अक्षरांत ३ जी आहेत, बाकी ए आणि यू. ३७ अंशांना एवढं पुरेसं सैल आहे.

चढ आणखी खाली हवा असेल तर स्टेमच्या उसवणाऱ्या टोकाला जीसीच्या दोन जोड्या येतील असं बघा, किंवा एच२ एच१ मध्ये जिथून शिरतो तिथे एच२ मध्ये एक अक्षर मुद्दाम चुकवा. लीक लक्षणीय पडतो. टार्गेटवाला मार्गही थोडा मंदावतो, म्हणून दोन-तीन जागी चुकवून दोन्ही उतार मोजा. मॅग्नेशियमचंही तसंच: २, ५, १० मिलिमोलर लावा आणि सिग्नलच्या उताराला ब्लँकच्या उताराने भागून निवडा, नुसता सिग्नल बघून नको.

बफरबाई

सीरमचं. आरएनए टार्गेट थेट १० टक्के सीरममध्ये टाकाल तर रायबोन्यूक्लिएज ते मिनिटांत खातील आणि तुम्हाला वाटेल सेन्सर बिघडला. त्याच वेळी डीएनए न्यूक्लिएज रिपोर्टर कापतील आणि फॅम सुटून ब्लँक चढेल. या दोन चुका एकमेकींना झाकतात, म्हणून आकडा दिसायला गोंडस येतो. आधी फक्त रिपोर्टर सीरममध्ये दोन तास. तो चढला तर पुढे जाऊच नका. ईडीटीएने न्यूक्लिएज थांबतील, पण ते तुमचं मॅग्नेशियमही धरतं. १० मिलिमोलर मॅग्नेशियमला १० मिलिमोलर ईडीटीए म्हणजे मॅग्नेशियम नसल्यातच जमा.

माझं मत, आरएनए आधी काढून घ्या. आरएनए काढताना वापरलेल्या ग्वानिडीनचा मागमूस राहिला तर हेअरपिनच उलगडतात, त्यामुळे शेवटचं इथेनॉल वॉश दोनदा आणि कॉलम कोरडा फिरवून मगच इल्यूट. काढलेल्या नमुन्याचे चार भाग करून त्यांत ०, २५, ५० आणि १०० पिकोमोलर आरएनए टार्गेट वरून घाला आणि रेषा काढा. रेषेचा उतार शुद्ध बफरमधल्या उताराशी जुळला नाही, तर नमुन्यातलं काहीतरी अभिक्रिया अडवतंय. ही रेषा डीएनए टार्गेटने काढू नका. डीएनएवर आरएनएची पकड वेगळी असते, फेऱ्यांचा आकडा बदलतो.

पिकोमोलर टार्गेटचं द्रावण साध्या ट्यूबमध्ये ठेवलंत तर बरंच भिंतीला चिकटतं. लो-बाइंड ट्यूब, ०.०५ टक्के ट्वीन-२०, आणि २१ टींचा नुसता धागा १ मायक्रोमोलर भरणी म्हणून. तो कुठल्याच हेअरपिनशी जुळत नाही ना, हे तेवढं न्यूपॅकमध्ये टाकून बघा. आणि बफरला डीईपीसी (रायबोन्यूक्लिएज निकामी करणारं रसायन) घालू नका, ते ट्रिसशीच अभिक्रिया करतं. पाण्याला घाला, ऑटोक्लेव्ह करा, मग त्या पाण्यात ट्रिस.

अर्धा_मोल

ट्रिसमध्येच घातलं होतं. उद्या नवीन बफर.